नाडी ओळखून धावलेला माणूस

१५ जुलै १९३९. इटलीतील मिलान शहराचे जुने अरेना मैदान. जर्मनी आणि इटली या दोन देशांमध्ये मैदानी खेळांचा सामना रंगला होता. ८०० मीटरच्या शर्यतीला सुरुवात झाली आणि यजमानांचा लाडका धावपटू मारिओ लांझी याने पहिल्या पावलापासूनच आघाडी घेतली. त्या मैदानाची धावपट्टी ५०० मीटरची होती, म्हणजे शर्यत दोन फेऱ्यांचीही नव्हती. लांझी पुढे आणि त्याच्या पाठोपाठ सावलीसारखा एक सडपातळ जर्मन तरुण, असे चित्र शेवटच्या वळणापर्यंत टिकले. मग अखेरचे शंभर-सव्वाशे मीटर उरले असताना मागचा तरुण पुढे आला आणि बघता बघता अंतर वाढवत निघून गेला. घड्याळे थांबली तेव्हा पंचांनी ती पुन:पुन्हा पाहिली असतील, कारण आकडा विश्वास बसण्यासारखा नव्हता. १ मिनिट ४६.६ सेकंद!

या आकड्याचे मोल समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. तोपर्यंतचा जागतिक विक्रम इंग्लंडच्या सिडनी वुडरसनचा होता, १ मिनिट ४८.४ सेकंदांचा, आणि तो जेमतेम वर्षभरापूर्वीचा. या अंतरात विक्रम मोडतो तो सेकंदाच्या एक-दोन दशांशांनी. येथे तो तब्बल १.८ सेकंदांनी मोडला. वुडरसन आपल्या विक्रमी वेगाने त्या दिवशी मिलानमध्ये धावला असता, तर शेवटच्या रेषेपासून तो १३ मीटर मागे राहिला असता. पुढे १६ वर्षे जगातल्या कोणत्याही धावपटूला हा विक्रम मोडता आला नाही.

तो तरुण म्हणजे रुडॉल्फ हार्बिग. त्याचे वय त्या वेळी २५ होते. मिलानच्या त्या संध्याकाळनंतर अवघ्या सात आठवड्यांनी दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि वयाची एकतिशी गाठण्याच्या आत हा माणूस युक्रेनच्या भूमीवर मारला गेला. त्याच्या आयुष्याची कथा एवढीच असती, तर युद्धाने गिळलेल्या असंख्य तरुणांपैकी एक म्हणून आपण ती वाचली असती आणि विसरलो असतो. पण हार्बिग मागे एक गोष्ट ठेवून गेला. आज मनगटावर ठोके मोजणारे घड्याळ बांधून धावणारे लोक शहरांच्या रस्त्यांवर दिसतात. आपल्या हृदयाचे ठोके पाहून किती जोरात धावायचे आणि कधी थांबायचे हे ठरवण्याच्या विद्येचा उगम शोधत गेले, की पाऊलवाट हार्बिग आणि त्याच्या गुरूपाशी जाऊन पोचते.

ड्रेस्डेनचा गरीब मुलगा

रुडॉल्फ हार्बिगचा जन्म ८ नोव्हेंबर १९१३ रोजी जर्मनीतील ड्रेस्डेन शहरात झाला. घरची परिस्थिती बेताची. पहिले महायुद्ध, त्यानंतरची उपासमार, पैशाला कवडीमोल करून टाकणारी महागाई, हे सारे त्याच्या पिढीने लहानपणीच पाहिले. शाळा संपल्यावर तो गाड्या आणि चाके बनवण्याच्या सुतारकामाकडे वळला. आपल्याकडे बैलगाडीची चाके करणारा सुतार असतो, त्यातलाच हा धंदा. पण मंदीच्या दिवसांत हातात कसब असूनही काम मिळेना. तेव्हा बेकारीला कंटाळलेल्या अनेक तरुणांप्रमाणे त्यानेही सैन्याची वाट धरली. पुढे ड्रेस्डेनच्याच वायू आणि वीज पुरवणाऱ्या खात्यात घरोघर जाऊन मीटर वाचण्याचे काम त्याला मिळाले.

म्हणजे हा कुणी श्रीमंत घरचा, विद्यापीठातल्या हिरवळीवर वाढलेला खेळाडू नव्हता. त्या काळी इंग्लंड-अमेरिकेतील बहुतेक नामवंत मध्यम पल्ल्याचे धावपटू विद्यापीठांमधून येत. हार्बिग आला तो कामगारवस्तीतून. १९३४ साली जर्मनीत गावोगावचे अज्ञात खेळाडू हुडकून काढण्याची मोहीम निघाली होती. ड्रेस्डेनमध्ये त्यासाठी घेतलेल्या शर्यतीत हार्बिग उतरला आणि तेथे एका शिक्षकाची नजर त्याच्यावर पडली. त्यांचे नाव वोल्डेमार गेर्शलर. वय तिशीचे, जन्म जवळच्याच माइसेन गावचा.

आपल्या मातीतली एक आठवण येथे सांगण्याजोगी आहे. याच्या १४ वर्षे आधी, १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकमध्ये, बेळगावकडचा फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावला आणि १९ वा आला. पायांत बळ आणि छातीत दम यांची आपल्याकडे वाण कधीच नव्हती. वाण होती ती त्या दमाचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाची. हार्बिगला तो माणूस वेळेवर भेटला.

बाहेरचे घड्याळ आणि आतले घड्याळ

गेर्शलर यांच्यापूर्वी धावण्याचे प्रशिक्षण कसे असे? एक परंपरा भरपूर चालण्याची, त्यात अधूनमधून धावण्याची. दुसरी परंपरा शर्यतीचेच अंतर रोज जीव तोडून धावण्याची. फिनलंडच्या पावो नुर्मीने यात क्रांती केली. तो हातात घड्याळ घेऊन धावे आणि प्रतिस्पर्ध्याकडे न पाहता काट्याकडे पाही. स्वीडनमध्ये गोस्टा होल्मेर यांनी जंगलवाटांवर मनाला येईल तसा वेग वाढवत-कमी करत धावण्याची पद्धत काढली. या सगळ्यांनी धावणे शहाणे केले यात शंका नाही. पण नुर्मीचे घड्याळ बाहेरचे होते. वेळ किती लागला हे ते सांगे, त्या वेळात शरीराला काय किंमत मोजावी लागली हे मात्र सांगत नसे.

गेर्शलर यांनी बाहेरच्या घड्याळाला आतल्या घड्याळाची जोड दिली. हे आतले घड्याळ म्हणजे नाडी. आपल्या वैद्यांनी शतकानुशतके रोग ओळखण्यासाठी तीन बोटे मनगटावर ठेवली. गेर्शलर यांनी ती निरोगी माणसाचे बळ ओळखण्यासाठी ठेवली.

त्यांनी हार्बिगच्या सरावाचे तुकडे पाडले. अख्खे अंतर एका दमात धावण्याऐवजी ठरावीक लहान अंतर, ठरावीक वेगाने, अनेकदा धावायचे आणि मध्ये ठरावीक विश्रांती घ्यायची. या विश्रांतीच्या मोकळ्या वेळेवरून या पद्धतीला इंटरव्हल ट्रेनिंग असे नाव पडले. नाटक-सिनेमाच्या मध्यंतरासाठी आपण जो शब्द वापरतो तोच हा. पण येथे एक गंमत आहे. पुष्कळांना वाटते, की इंटरव्हल म्हणजे ते जोरात धावण्याचे तुकडे. वस्तुत: इंटरव्हल म्हणजे त्या दोन तुकड्यांमधला थांबा. पद्धतीचे नावच मुळी विश्रांतीवरून पडले आहे आणि ते उगाच नव्हे.

युद्धानंतर गेर्शलर फ्रायबुर्ग विद्यापीठात गेले. तेथे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. हेर्बर्ट राइंडेल यांची त्यांना साथ मिळाली आणि या पद्धतीला आकड्यांची काटेकोर चौकट लाभली. ती अशी. आधी सावकाश धावून नाडी मिनिटाला १२० ठोक्यांपर्यंत आणायची. मग १००, १५० किंवा २०० मीटर अशा वेगाने धावायचे, की ठोके १७० ते १८० पर्यंत चढावेत. तेथे थांबायचे आणि नाडी पुन्हा १२०-१२५ वर उतरण्याची वाट पाहायची. यासाठी मुदत जास्तीत जास्त ९० सेकंद. त्याआधीच नाडी उतरली तर उरलेला वेळ बसून काढायचा नाही, लगेच पुढचा तुकडा धावायचा. ९० सेकंदांत उतरली नाही तर समजायचे, की वेग जास्त झाला किंवा अंतर जास्त झाले. तेव्हा दोन्हींपैकी एक कमी करायचे. आणि कमी करूनही नाडी उतरत नसेल, तर त्या दिवसाचा सराव संपला.

म्हणजे केव्हा थांबायचे हे प्रशिक्षकाची शिट्टी ठरवत नव्हती, धावपटूची ईर्षाही ठरवत नव्हती. ते त्याचे हृदय ठरवत होते.

मोट मोठी झाली की

यामागचे तत्त्व समजायला सोपे आहे. हृदय हा पंप. निरोगी माणसाचे हृदय विश्रांतीत एका ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त ढकलते. मिनिटाला ७२ ठोके धरले तर झाले ५ लिटर. सराव झालेल्या धावपटूचे हृदय एका ठोक्याला १०० मिलिलिटर रक्त ढकलत असेल, तर तेवढ्याच ५ लिटरसाठी त्याला ५० ठोके पुरतात. जुन्या पिढीने विहिरीवरची मोट पाहिली आहे. मोट मोठी असली की तेवढेच पाणी उपसायला बैलांना कमी खेपा घालाव्या लागतात. पल्लेदार धावणाऱ्यांची नाडी विश्रांतीत ५० च्याही खाली का असते, याचे उत्तर यात आले.

मोट मोठी कशी करायची, हा खरा प्रश्न. गेर्शलर आणि राइंडेल यांचे म्हणणे असे, की धावणे थांबल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या-एक मिनिटात ठोके उतरू लागतात, पण पायांकडून हृदयाकडे परतणारा रक्ताचा ओघ मात्र अजून जोरात असतो. त्या क्षणी हृदय प्रत्येक ठोक्याला जास्त भरते, ताणले जाते आणि हळूहळू मोठे व बळकट होते. म्हणून त्यांच्या लेखी खरे काम विश्रांतीत होत होते. धावणे हे केवळ त्या विश्रांतीचे निमित्त. पुढच्या संशोधकांना हे स्पष्टीकरण जसेच्या तसे पटले नाही. धावण्याचा भागही तितकाच कामाचा असतो, असे आज मानले जाते. पण विश्रांती ही सरावातली सुट्टी नसून सरावाचाच भाग आहे, ही दृष्टी टिकली.

बर्लिनचा पराभव, पॅरिसचा विजय

या शिस्तीचे फळ लगेच मिळाले असे मात्र नाही. १९३६ चे ऑलिम्पिक बर्लिनला, म्हणजे हार्बिगच्या स्वत:च्या देशात भरले. ८०० मीटरमध्ये त्याच्याकडून देशाला आशा होती. पण ऐन वेळी आजारपणाने गाठले आणि तो पहिल्याच फेरीत गारद झाला. ज्या शर्यतीसाठी दोन वर्षे घाम गाळला ती अंतिम फेरी त्याला बाहेरून पाहावी लागली. सुवर्णपदक अमेरिकेच्या जॉन वुड्रफने नेले. त्याच ऑलिम्पिकमध्ये चार गुणिले चारशे मीटरच्या रिले शर्यतीत जर्मनीचा संघ तिसरा आला आणि त्या संघात असल्याने हार्बिगच्या गळ्यात कांस्यपदक पडले. त्याच्या आयुष्यातले ऑलिम्पिकचे पदक ते एवढेच.

दोन वर्षांनी, १९३८ साली, पॅरिसला युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा झाली. तेथे हार्बिगने ८०० मीटर आणि रिले अशी दोन सुवर्णपदके मिळवली. मग आला १९३९ चा उन्हाळा. मिलानचा पराक्रम आपण पाहिलाच. त्यानंतर महिना उलटायच्या आत, १२ ऑगस्ट रोजी, फ्रँकफर्टमध्ये त्याने ४०० मीटर ४६ सेकंदांत पार करून तोही जागतिक विक्रम आपल्या नावावर केला. ४०० मीटर ही जवळजवळ पूर्ण जोराची धाव आणि ८०० मीटर ही वेग आणि दम यांची सरमिसळ. दोन्हींचे विक्रम एकाच वेळी एकाच माणसाकडे असणे ही दुर्मीळ गोष्ट. १९४१ साली, युद्ध चालू असताना, ड्रेस्डेनमध्ये त्याने १००० मीटरचाही जागतिक विक्रम केला. वेळ होती २ मिनिटे २१.५ सेकंद.

एक नोकरदार माणूस, वर्षाचे बारा महिने आखून दिलेला सराव करणारा, हिवाळ्यातही खंड न पाडणारा, असे हार्बिगचे चित्र या सगळ्यातून उभे राहते. त्याच्या विक्रमांमागे चमत्कार नव्हता. मोजमाप होते.

राजवट आणि माणूस

येथवरची कथा सांगून थांबणे सोयीचे झाले असते. पण चरित्र सांगायचे तर सगळे सांगितले पाहिजे. हार्बिगची वर्षे ही हिटलरच्या राजवटीची वर्षे. तो नाझी पक्षाचा सदस्य होता आणि पक्षाच्या तपकिरी गणवेशातील दलातही होता. त्या राजवटीला बलदंड शरीरे हवी होती. ती मैदानावर दाखवायला हवी होती आणि त्याहून अधिक रणांगणावर खर्चायला हवी होती. हार्बिगचे विक्रम हे त्या प्रचाराच्या फार उपयोगी पडले. त्याने अत्याचारात हात घातला असे नाही, पण त्या व्यवस्थेपासून तो अलिप्तही नव्हता. त्याच्या देशातील ज्यू खेळाडूंना मैदानांतून आणि क्लबांमधून हाकलून दिले जात होते, त्याच मैदानांवर त्याचा जयजयकार होत होता. त्याच्या कर्तृत्वाचा गौरव करताना ही गोष्ट डोळ्याआड करता येत नाही.

१९४० चे ऑलिम्पिक प्रथम टोकियोला ठरले होते, मग हेलसिंकीला ठरले आणि शेवटी कुठेच झाले नाही. १९४४ चेही झाले नाही. धावपटूचे उमेदीचे आयुष्य असते सात-आठ वर्षांचे. हार्बिगची ती सगळी वर्षे युद्धात गेली. सैन्यात भरती झाल्यावरही रजा मिळेल तेव्हा तो शर्यती धावत राहिला. पण हळूहळू शर्यतीही संपल्या. छत्रीधारी सैनिकांच्या तुकडीतून तो पूर्व आघाडीवर गेला आणि ५ मार्च १९४४ रोजी युक्रेनमधील लढाईत ठार झाला.

त्याचे गुरू सांगत, नाडी उतरेपर्यंत पुढचे पाऊल टाकू नको. युद्धात असा नियम नसतो. ज्या राजवटीने या शरीराचा अभिमान मिरवला, तिनेच ते तिसाव्या वर्षी संपवले. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत दोस्त राष्ट्रांच्या बॉम्बहल्ल्यात ड्रेस्डेन शहरही जळून गेले.

नावाचा प्रवास

युद्धानंतर जर्मनीचे दोन तुकडे झाले. ड्रेस्डेन पूर्व जर्मनीत गेले. तेथील उद्ध्वस्त मैदान नव्याने बांधून १९५१ साली त्याला हार्बिगचे नाव देण्यात आले. पश्चिमेकडे जर्मन ॲथलेटिक्स संघटनेने १९५० पासून त्याच्या नावाचे स्मृतिपारितोषिक सुरू केले. एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या दोन राजवटींनी एकाच धावपटूची आठवण ठेवावी, हे नवलच. १९७१ साली मात्र ड्रेस्डेनच्या मैदानाचे नाव बदलून तेथील फुटबॉल क्लबच्या नावावरून ठेवले गेले. जर्मनी एक झाल्यावर हार्बिगचे नाव परत आले, मग काही वर्षे जाहिरातदार कंपन्यांची नावे लागली आणि २०१८ पासून त्या मैदानावर पुन्हा हार्बिगचे नाव आहे.

विक्रमाचे काय झाले? ३ ऑगस्ट १९५५ रोजी ओस्लो येथे बेल्जियमच्या रॉजर मून्सने ८०० मीटर १ मिनिट ४५.७ सेकंदांत धावून तो मोडला. आणि हा मून्स कोणाच्या तालमीत तयार झाला होता? गेर्शलर यांच्याच. गुरूंनी एका शिष्याचा विक्रम दुसऱ्या शिष्याकडून मोडवला. त्याआधी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये लक्झेंबर्गसारख्या चिमुकल्या देशाच्या जोसी बार्थेलने १५०० मीटरचे सुवर्णपदक जिंकून जगाला थक्क केले होते. तोही गेर्शलर यांचाच शिष्य. इंग्लंडचा गॉर्डन पिरी त्यांच्याकडे शिकला आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये ५००० मीटरमध्ये रौप्यपदक घेऊन गेला. गेर्शलर १९८२ साली वारले.

एका नियमाचे पाच टप्पे

कोणतीही चांगली गोष्ट लोकप्रिय झाली की तिचा अतिरेक होतो. इंटरव्हलचेही तसेच झाले. जगभरच्या प्रशिक्षकांनी जोरात धावण्याचे तुकडे तेवढे उचलले आणि नाडी मोजण्याचा भाग सोडून दिला. परिणामी दुखापती वाढल्या, तरुण खेळाडू लवकर थकू लागले. याविरुद्ध जर्मनीतच डॉ. एर्न्स्ट फान आकेन यांनी आवाज उठवला. त्यांचे सांगणे असे, की लांब पल्ल्याचा दम हवा असेल तर बहुतेक धावणे सावकाश, मिनिटाला सुमारे १३० ठोक्यांच्या आसपास ठेवूनच करावे. न्यूझीलंडच्या आर्थर लिडियार्ड यांनीही लांब आणि संथ धावण्याचा पाया आधी, वेग नंतर, हा क्रम रुजवला. वादात दोन्ही बाजू भांडल्या, पण माप दोघांनाही हवे होते.

१९५७ साली फिनलंडचे मार्टी कार्वोनेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मापाला व्यक्तीनुरूप केले. प्रत्येकाची विश्रांतीतली नाडी वेगळी आणि कमाल नाडीही वेगळी, तेव्हा सगळ्यांना एकच आकडा कसा चालेल? त्यांनी कमाल नाडीतून विश्रांतीची नाडी वजा केली, उरलेल्या शिलकीचे शेकडा प्रमाण काढले आणि त्यात विश्रांतीची नाडी पुन्हा मिळवली. समजा, वीस वर्षांचा तरुण आहे. कमाल नाडी अंदाजे २००, सकाळी उठल्याबरोबरची नाडी ६०. शिल्लक १४०. तिचे साठ टक्के ८४, त्यात ६० मिळवले की १४४. सत्तर टक्क्यांना १५८. पंच्याऐंशी टक्क्यांना १७९. दम वाढवण्याचे रोजचे धावणे पहिल्या आकड्याच्या आसपास आणि कधीतरीचे कठोर धावणे शेवटच्या आकड्याजवळ, असा हिशेब यातून मांडता येतो.

१९८२ साली फिनलंडच्याच पोलार कंपनीने बिनतारी ठोकेमापक बाजारात आणला आणि मनगटावर बोट ठेवण्याची गरज उरली नाही. पुढे कमाल नाडीच्या टक्केवारीनुसार श्रमाचे पाच टप्पे सर्वत्र रूढ झाले. पन्नास ते साठ टक्के हा पहिला, अगदी हलका. साठ ते सत्तर हा दुसरा, गप्पा मारत धावता येईल असा. सत्तर ते ऐंशी तिसरा. ऐंशी ते नव्वद चौथा, जेथे दोन शब्दांच्या पुढे बोलणे होत नाही. नव्वदच्या वरचा पाचवा, जो मिनिटा-दोन मिनिटांपेक्षा फार सोसवत नाही. जगातले उत्तम पल्लेदार धावपटू आपल्या सरावातील सुमारे चार पंचमांश दिवस हलक्या टप्प्यांतच घालवतात, असे अलीकडच्या निरीक्षणांतून दिसून आले आहे. एक सावधगिरी मात्र हवी. २२० मधून वय वजा करून कमाल नाडी काढण्याची रीत हा निव्वळ ढोबळ अंदाज आहे. प्रत्यक्षात तो दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकू शकतो.

करडीच्या रस्त्यावर

हे सगळे आपल्याला कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर वैनगंगेच्या खोऱ्यातच आहे. भंडारा जिल्ह्यातील करडी घ्या किंवा आसपासचे धानाच्या बांध्यांमधले कोणतेही गाव घ्या, पोलीस आणि सैन्याच्या भरतीची तयारी करणारी मुले-मुली भल्या पहाटे डांबरी रस्त्यावर धावताना दिसतात. अलीकडच्या पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर धावावे लागते आणि मुलींना ८०० मीटर. ८०० मीटर, म्हणजे नेमके हार्बिगचे अंतर! १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये स्त्रिया हे अंतर पहिल्यांदा धावल्या तेव्हा त्यांना ते झेपत नाही असा गवगवा झाला आणि १९६० पर्यंत ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांसाठी ही शर्यतच ठेवली गेली नाही. आज खेड्यातली मुलगी घरचे काम आटोपून हेच अंतर धावते आणि त्यावर तिची नोकरी अवलंबून असते.

या मुलांच्या सरावाची रीत बहुधा एकच असते. रोज भरतीचेच अंतर, रोज जीव तोडून. घड्याळात आकडा कमी झाला नाही की आणखी जोरात. गेर्शलर यांच्या आधीची जी पद्धत, तीच. यातून पहिले काही आठवडे प्रगती दिसते. मग ती अडते, नडगी दुखू लागते, झोप उडते. शिवाय आपला उन्हाळा. उष्म्यात आणि पाणी कमी पडल्यावर त्याच वेगाला नाडी कितीतरी वर चढते. घड्याळ म्हणते, वेग कालचाच आहे. हृदय म्हणते, श्रम कालच्यापेक्षा जास्त आहेत. भरतीच्या धावण्यात तरुण कोसळल्याच्या बातम्या अधूनमधून येतात, त्या वाचताना हे आठवावे.

पूर्व विदर्भाला आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. सिकलसेल. या आजाराचे वाहक असणारे अनेक जण आपल्या भागात आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांना रोजच्या जगण्यात काहीच त्रास नसतो. ते धावू शकतात, खेळू शकतात. परंतु सवय नसताना एकदम पूर्ण जोराने, उन्हात, पाण्यावाचून केलेले धावणे अशा वाहकांना घातक ठरल्याचे सैन्यातील नवशिक्यांच्या आणि खेळाडूंच्या अनुभवातून जगभर दिसून आले आहे. त्यावर उपाय धावणे सोडण्याचा नाही. सरकारी दवाखान्यात तपासणी करून घ्यावी, श्रम पायरीपायरीने वाढवावेत, दोन तुकड्यांत पुरेशी विश्रांती घ्यावी, पाणी प्यावे. छातीत दुखले, चक्कर आली किंवा मांड्यांना विलक्षण अशक्तपणा वाटला तर त्याच क्षणी थांबावे आणि डॉक्टरांना गाठावे.

महागडे घड्याळ नसले तरी काही अडत नाही. अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दोन बोटे ठेवायची, दहा सेकंद ठोके मोजायचे आणि सहाने गुणायचे. धावणे थांबल्याबरोबर मोजायचे, कारण नाडी झपाट्याने उतरते. दीड मिनिटाने पुन्हा मोजायचे. दोन आकड्यांतला फरक वहीत लिहून ठेवायचा. आठवड्यांमागून आठवडे तोच तुकडा त्याच वेगाने धावल्यावर नाडी आधीपेक्षा लवकर उतरू लागली, तर सराव योग्य दिशेने चालला आहे. उलट सकाळी अंथरुणातली नाडी रोजच्यापेक्षा बरीच वाढलेली आढळली, तर त्या दिवशी सावकाश चालणे किंवा घरी बसणे बरे. असा एखादा दिवस वाया गेला असे वाटते. पण भरतीच्या मैदानावर उभे राहायचे ते दुखावलेल्या नडगीने नव्हे आणि थकलेल्या छातीने तर नव्हेच.

हार्बिगच्या विक्रमांपैकी आज एकही उरलेला नाही. ८०० मीटरचा जागतिक विक्रम २०१२ सालापासून केनियाच्या डेव्हिड रुडिशाकडे आहे, १ मिनिट ४०.९१ सेकंदांचा. मिलानच्या त्या दिवसापासून जगाने पावणेसहा सेकंद कमी केले. ही कमाई अनेक देशांतल्या अनेक माणसांची आहे. तिच्या मुळाशी मात्र ड्रेस्डेनमधला एक मीटर वाचणारा तरुण आहे आणि त्याला दोन धावांच्या मध्ये थांबायला लावणारा एक शिक्षक आहे. करडीच्या रस्त्यावर पहाटे धावणाऱ्या मुलीला या दोघांची नावे ठाऊक असण्याचे कारण नाही. पण पहिला तुकडा धावून झाल्यावर ती थांबली, मनगटावर दोन बोटे ठेवून तिने दहापर्यंत सेकंद मोजले आणि नाडी उतरल्यावरच पुढचे पाऊल उचलले, तर ती त्यांच्याच शाळेतली आहे असे समजायला हरकत नाही.